पाठीवरचं देनजांग

कुन्सानमधल्या निम्म्याअधिक बायकांच्या पाठी ग्वीरेच्या हाताखालून गेल्या आहेत. स्टेशनमागच्या ओकसेम न्हाणीघरात ती बावीस वर्षं अंग घासून देत होती. बाई आधी गरम पाण्याच्या टाकीत अर्धा तास बसून मऊ पडायची, मग गुलाबी रेक्झिनच्या बाकड्यावर पालथी व्हायची, आणि ग्वीरे हिरवा खरखरीत मोजा चढवून मानेपासून टाचेपर्यंत मळाच्या वाती काढायची. एक बाजू झाली की दोन तांबे पाणी आणि पाठीवर एक सणसणीत चापट. चापट म्हणजे कूस बदल. हापिसातली साहेबीण असो नाहीतर मासे सुकवणारी, त्या चापटीपुढे सगळ्या सारख्या.

एवढ्या पाठी पाहिलेल्या या बाईला स्वतःच्या लेकीची पाठ मात्र पाहायला मिळत नव्हती. यॉन्जू दहा वर्षांची झाल्यापासून कुठल्याच न्हाणीघरात गेली नाही. घरीसुद्धा कडी लावून अंघोळ करायची, आणि उन्हाळ्यात बंद गळ्याचा सदरा घालायची. पाच वर्षांची असताना ती भाजली होती. त्याचा व्रण उजव्या खांद्यापासून थेट कमरेपर्यंत उतरलेला होता. पोरगी हुशार निघाली. रसायनशास्त्र शिकली आणि ओसानच्या एका सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत, प्रयोगशाळेत लागली. त्वचेला काय लावलं की काय होतं, हेच तिचं काम.

लेकीमुळे ग्वीरेही चार गोष्टी शिकली होती, आणि शिकावंच लागलं. पूर्वी हे काम सरळ होतं, मळ काढायचा आणि बाईला गुलाबी करून घरी पाठवायचं. आता घरोघरी बाटल्या आल्या. कुणी रात्री रेटिनॉल लावतं, कुणी आम्लाचं पाणी चोपडतं, आणि वर हिच्यापुढे येऊन पडतं. यॉन्जूने फोनवर बजावलं होतं, "आई, रेटिनॉल कातडीला घाई करायला लावतं. नवी कातडी भराभर वर येते, सुरकुत्या कमी होतात, पण सुरुवातीला वरचा थर नाजूक होतो. आम्लं मेलेल्या पेशींमधला चिकटा सोडवतात. म्हणजे तुझं घासायचं काम बाटलीने आधीच केलेलं असतं. त्यावर तू मोजा चालवलास तर सोललं जाईल माणूस."

तेव्हापासून ग्वीरे आधी विचारायची.

"सुन्बोकताई, तोंडाला-मानेला काय लावतेस?"

"का? पोलीस चौकीत आलेय का मी?" सुन्बोक सुक्या मासळीचा धंदा करायची, आणि तिची जीभ मासळीपेक्षा खारट.

"सांग गपगुमान. मागच्या महिन्यात त्या शिंपिणीने लपवलं, आणि गळा लाल करून घेतला. नाव माझं खराब झालं."

"सून देते काहीतरी. काळी बाटली आहे. लावलं की चुणचुणतं."

"मग मानेला आज मोजा लागणार नाही. नुसता साबण."

"अगं पण सणाच्या तोंडावर आलेय! मानेचा मळ काय देवाला दाखवू?"

"देवाला मळ चालतो, रक्त चालत नाही. हो पालथी."

चुसोकच्या, म्हणजे आमच्या पितरांच्या सणाच्या आधीचा तो आठवडा. या दिवसांत न्हाणीघरात पाय ठेवायला जागा नसते. घासूनपुसून लख्ख झाल्याशिवाय पितरांपुढे उभं कसं राहायचं? ग्वीरे दिवसाला वीस-वीस बायका काढायची. बोटांच्या पेरांवर भेगा पडून त्यांतून रक्त यायचं, आणि साबण लागला की मस्तकात कळ जायची. पण तिच्या जिवाला घोर हातांचा नव्हता. सण जवळ आला की दरवर्षी तिच्या छातीवर एक दगड येऊन बसायचा. एकतीस वर्षं ती तो कुणाला न सांगता वाहत होती.

सणाच्या आदल्या दिवशी दुपारी यॉन्जू आली. नवरा पंधरा-सोळा वर्षांचा संसार करून गेलेला, सासू अकरा वर्षांपूर्वी गेलेली. घरात आता सणाला मायलेकीच असायच्या. आल्या आल्या पोरीने आईचे हात पाहिले आणि कपाळावर हात मारला.

"हे काय करून घेतलंस? हातमोजे पाठवले होते ते कुठंयत?"

"रबराच्या हाताला पाठ कळत नाही गं."

"पाठ कळायला हात शिल्लक राहायला हवा ना! बस इथं."

तिने पिशवीतून पांढरी डबी काढली. डबीवर अजून नाव नव्हतं. आईचे हात कोमट पाण्यात बुडवले, पुसले, जरा ओलसर असतानाच भेगांवर क्रीम लावायला घेतलं. लावता लावता बोलत होती. कामाबद्दल बोलताना यॉन्जू वेगळीच दिसायची, अगदी बापासारखी.

"तुमच्या न्हाणीघरातल्या फरश्या आठव. दोन फरश्यांच्या मधे भरणा असतो ना? कातडीतही तसाच असतो, त्यात सेरामाईड असतं. तू दिवसभर साबणात हात घालून तो भरणा धुऊन काढलास. आता आतलं पाणी बाहेर जातं आणि बाहेरचा साबण आत शिरतो. या डबीत तो भरणा आहे. पॅन्थेनॉल आहे, ते ओल धरून ठेवतं आणि आग शांत करतं. आणि ब्राह्मीचा अर्क आहे, त्या गोल पानांच्या वेलीचा. तो खालच्या पेशींना जागं करतो. त्या धागे विणायला लागतात, आणि जखम लवकर सांधते."

"ही तू बनवलीस?"

"सात वर्षं लागली. माझं पहिलं क्रीम आहे, आई. वसंतात बाजारात येईल."

ग्वीरेला भरून आलं. लेकीच्या बोटांखाली हात सैल सोडून ती बसून राहिली. मग, विचारू नये ते तिने विचारलं. "आणि जुना व्रण? त्याला लागू पडतं?"

यॉन्जूचा हात क्षणभर थांबला. "जुना व्रण कुठलंच क्रीम पुसत नाही. पुसतो म्हणणारा खोटं बोलतो. मऊ पडतो, खाज कमी होते, कातडी ओढली जात नाही. मी दोन वर्षं लावतेय. हात वर करताना आता दुखत नाही." मग हसून म्हणाली, "थांब, तुला एक दाखवते."

तिने घडी घातलेला कागद काढला. डबीबरोबर खोक्यात जाणारं पत्रक होतं ते. वर घटकांची नावं, कोणता किती टक्के, तो काय करतो. आणि खाली चौकटीत, ते बनवणाऱ्या बाईचे चार शब्द. ग्वीरेने चष्मा लावला आणि बोट फिरवत वाचलं.

'मी पाच वर्षांची असताना उकळत्या पाण्यात पडले आणि माझी पाठ भाजली. माझ्या आजीने अडाणीपणाने त्यावर स्वयंपाकातलं देनजांग लिंपलं. जखम चिघळली. तो व्रण मला या प्रयोगशाळेत घेऊन आला. पुन्हा कुठल्या आजीच्या हातून असं होऊ नये, म्हणून हे क्रीम.'

"वरच्या लोकांना फार आवडलंय," यॉन्जू म्हणाली. "सुट्टी संपली की छापायला जाईल. देशभर जाणार आहे आई, दुकानादुकानांत. कसं वाटलं?"

ग्वीरेने कागदाची होती तशी घडी घातली. "छान लिहिलंयस," ती म्हणाली.

झालं होतं ते असं.

ते किम्जेच्या शिवारात राहायचे तेव्हाची गोष्ट. भातकापणी उरकली होती, आणि वर्षाच्या देनजांगसाठी अंगणातल्या मोठ्या चुलीवर सोयाबीन शिजत होतं. ग्वीरे सव्वीस वर्षांची. दाणे निथळायला म्हणून तिने उकळतं पाणी घमेल्यात ओतून ठेवलं, आणि पाठ वळवून टोपली आणायला गेली. पोर खेळता खेळता उलटी चालत आली ती घमेल्यात पडली. सासू परसात होती, ती धावली. कुन्सानला राहून आलेली बाई, तिला कळत होतं. तिने पोरीला उचलून हातपंपाखाली धरलं आणि भडाभडा गार पाणी सोडलं. ओरडून म्हणाली, "नुसतं पाणी ओतत राहा. दुसरं काही म्हणजे काही लावायचं नाही! मी शेजारचा ट्रॅक्टर घेऊन येते."

म्हातारी फाटकाबाहेर गेली. पोर किंचाळत होती. आपलं लेकरू तसं किंचाळत असताना नुसतं पाणी ओतत बसायला छाती लागते, आणि ग्वीरेची ती छाती झाली नाही. तिच्या माहेरी गांधीलमाशी चावो की हात भाजो, देनजांगच लावत. तिच्या आईने तिला लावलेलं, आजीने आईला. ती रांजणांकडे धावली. ओंजळभर देनजांग काढलं, सोयाबीनचं ते आंबवलेलं खारट वाटण, आणि पोरीच्या सोललेल्या पाठीवर लिंपलं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. पोर एकदा मोठ्याने ओरडली आणि मग मलूल होऊन गप्प झाली. ग्वीरेला वाटलं, चला, उतार पडला. वेडी!

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर ते खरवडून काढत होता, आणि काढता काढता संतापत होता. मीठ जखमेतलं उरलंसुरलं पाणी ओढून घेतं, आंबवणातले जंतू मांसात जातात. "कुणाची अक्कल ही?" तो गरजला. खोलीत घरची तिघं होती. ग्वीरेचा नवरा दाराशी उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक, आणि मुठी आवळलेल्या.

"आईंनी लावलं," ग्वीरे म्हणाली.

कुठून आलं ते तोंडात, तिचं तिला कळलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. सासूने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. एकदाच पाहिलं. मग डॉक्टरापुढे कमरेत वाकली आणि म्हणाली, "म्हातारीची अक्कल, डॉक्टरसाहेब. चुकलं माझं. पोरीला वाचवा."

नवरा वर्षभर आपल्या आईशी बोलला नाही. पोरगी तर हे ऐकतच वाढली. कुणी पाठीचं विचारलं की नातेवाईक सांगत, आजीने देनजांग लावलं ना. आजीच्या हातचा घास तिने कधी घेतला नाही. म्हातारी ताट पुढे करायची, पोर तोंड फिरवायची, आणि ग्वीरे चुलीत लाकूड सारायची. नदीवर कपडे धुताना तिने एकदा सासूचे पाय धरले. म्हातारी म्हणाली, "तुला त्याच्याबरोबर जन्म काढायचाय. माझी राहिलीत किती वर्षं? पिळ ती चादर." त्यानंतर पुन्हा विषय नाही. राहिलीत किती म्हणणारी बाई पुढे वीस वर्षं जगली, आणि वीस वर्षं तिने ते सोसलं.

नवरा गेला तेव्हा सांगता आलं असतं. सासू गेली तेव्हाही सांगता आलं असतं. खोटं बोलायला दोन शब्द पुरतात, ते परत घ्यायला मात्र मुहूर्त सापडत नाही. आणि आता ते छापून निघणार होतं. निदान आजवर ते चार भिंतींत होतं, चार नातेवाइकांत होतं. आता म्हातारी अडाणी म्हणून देशभर दुकानांच्या फळ्यांवर जाऊन बसणार, आणि तिच्या बाजूने बोलायला एकच माणूस जिवंत होतं.

संध्याकाळी दोघी सोंगप्यॉन करायला बसल्या. तांदळाच्या पिठाचे ते चंद्रकोरीसारखे मोदक वळता वळता ग्वीरेने तीनदा तोंड उघडलं. एकदा म्हणाली, "अगं, ते पत्रक..." यॉन्जूने वर पाहिलं. "सारणात तीळ कमी पडलेत का गं?" ग्वीरे म्हणाली. पोरगी हसली. "पत्रकात तीळ? दमलीस तू आई. झोप आज लवकर."

सकाळी पूजा मांडली. पाटावर भात, मटणाचा रस्सा, मासे, फळं, सोंगप्यॉन. मागे कागदावर लिहिलेली दोन नावं, सासूचं आणि नवऱ्याचं. खिडकीतून ऊन थेट नावांवर आलेलं. दोघींनी वाकून नमस्कार केला. आता मद्याचा पेला ओतायचा, आधी वडीलधाऱ्या माणसाचा. दरवर्षी या वेळी यॉन्जू, "रस्सा उतू जाईल," म्हणत आत जायची आणि बापाच्या पेल्याला बाहेर यायची. ग्वीरेही कधी काही म्हणाली नव्हती.

"रस्सा बघते गं," यॉन्जू म्हणाली आणि उठली.

"रस्सा वाढून झालाय," ग्वीरे म्हणाली. "बस."

"आई, नको ना. दरवर्षी..."

"बस म्हणते ना! तुझ्या आजीने नाही लावलं ते. मी लावलं."

यॉन्जू तशीच अर्धवट उभी राहिली.

ग्वीरेने लेकीकडे पाहिलं नाही. कागदावरच्या नावाकडे बघत ती बोलली, कारण उत्तर त्या नावाला द्यायचं होतं. सगळं सांगितलं. घमेलं, हातपंप, म्हातारीने काय बजावलं ते, रांजण, ओंजळ, डॉक्टर. "त्याने विचारलं, आणि मी तिचं नाव घेतलं. भीती वाटली गं. तुझा बाप मला घराबाहेर काढेल, तुला माझ्यापासून तोडेल असं वाटलं. ती काही बोलली नाही. तिने माझं पाप आपल्या अंगावर घेतलं आणि मी घेऊ दिलं. ते छापू नकोस, यॉन्जू. माझं नाव छाप. अडाणी तुझी आई होती."

मग यॉन्जू खाली बसली.

"शेवटच्या आजारात," ती हळूहळू बोलू लागली, "तू कामाला गेली होतीस. मी तिच्याजवळ होते. नुकती लागले होते ना मी ओसानला. ती म्हणाली, बाळ, एकदा पाठ दाखवतेस? बरी झाली का बघू दे, मग जाते मी. आई, मी तिला काय म्हटलं माहितेय?"

ग्वीरेने आता कुठे लेकीकडे पाहिलं.

"मी म्हटलं, तुझीच कारागिरी आहे, तुला ठाऊक नाही होय? आणि मग तिला सगळं शिकवलं. मीठ काय करतं, जंतू कसे आत जातात, कातडीचे थर किती. मरायला टेकलेल्या बाईला मी धडा दिला, अगदी टक्क्यांसकट. तिने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही बोलली नाही. शेवटी म्हणाली, हो गं बाळ, चुकलंच माझं. तू शिकलीस ते बरं झालं."

ग्वीरेच्या तोंडून हुंदका फुटला. तिने बाही ओढून तोंडावर धरली.

"सात वर्षं मी बसून क्रीम बनवलं," यॉन्जू म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "कशाला काय लावायचं, सगळं मला माहितेय. याला काय लावू सांग. तू आई आहेस ना? सांग."

ग्वीरे "माफ कर" म्हणाली, पण ते कुणाला म्हणाली हे तिलाही सांगता आलं नसतं.

यॉन्जूने डोळे पुसले. मद्याची किटली उचलली आणि दोन्ही हातांनी धरून आजीचा पेला ओतला. काठोकाठ भरला, थोडं पाटावर सांडलं. मग ती पितरांकडे पाठ करून बसली. आमच्यात असं कुणी करत नाही, पितरांना पाठ दाखवणं म्हणजे मोठा अपमान. ग्वीरे दचकून पुढे झाली, आणि तिथेच थबकली. पोरीने सणाच्या कपड्याची गाठ सोडली, आतला सदरा डोक्यावरून काढला आणि मान खाली घातली. सकाळचं ऊन तिच्या उघड्या पाठीवर पडलं.

"बघ आजी," ती म्हणाली. "बरी झालीय."

ग्वीरेने डोळे मिटून घेतले. सव्वीस वर्षं ती त्या पाठीसाठी झुरली होती, पण आज ती पाठ तिला दाखवलेली नव्हती.